रहाटाला तेल

उमाच्या लेकीचं बारसं नुकतंच झालं होतं. शेजारच्या रावजींच्या आवारातला विहिरीचा रहाट करकरला की ती पाळण्यात दचकायची, दोन्ही मुठी वर उडवून. म्हणून उमाचा नवरा दत्तात्रेय दोन आवारांमधल्या दगडी गडग्यापाशी उभा राहून गोडीत म्हणाला, “रावजीकाका, तुमच्या रहाटाला जरा तेल घाला की. पोर झोपत नाही.”

रावजींनी सुपारी कातरायची थांबवली. “आमच्या रहाटाला? म्हणजे रहाट आमचा, हे कबूल?”

“तुमचाच तो.”

“मग विहीर काय शिंची आभाळातून पडली? तीही आमचीच. उद्यापासून पाण्याला दुसरी बघा.”

दत्तात्रेय हसला. चौथ्या दिवशी वकिलाची नोटीस आली तेव्हा हसायचा थांबला.

“वीस वर्षं न खंडता पाणी भरलं की हक्क कायमचा होतो,” त्याने उमाला समजावलं. “आपली वीस अक्षय्य तृतीयेला पुरी होतात. एकवीस दिवस राहिलेत. तेवढ्यात खंड पाडायचा काकांचा बेत आहे.”

“मग जाऊन एक कळशी भरून आणा ना!”

“आवारात पाऊल टाकलं तर फौजदारी, असं लिहिलंय. सरकारी शाळेतला मास्तर मी. नोकरी जाईल, उमा.”

त्याच दिवसापासून तो पऱ्यावरून पाणी आणू लागला. चैत्रात आटत आलेला ओढा तो; निम्मं पाणी, निम्मा गाळ. उमाने ते तीनदा गाळून घेतलं, तरी पहिल्याच अंघोळीला लेकीच्या पाठीवर पुरळ उठलं. मोहरीएवढे लाल ठिपके.

पलीकडे रावजी फणसाखाली खुर्ची टाकून बसले. मांडीवर वही. कोण पाणी नेतं, कोण नाही, ते रोज टिपून ठेवा, खाडाखोड करू नका, असं वकिलांनी बजावलं होतं. रावजी चिडके असले तरी खोटं लिहिणाऱ्यातले नव्हते.

पहिल्याच सकाळी रावजींच्या पत्नी गोदाकाकू फुलं तोडायच्या निमित्ताने गडग्याशी आल्या. उमाकडे न बघता पुटपुटल्या, “गो उमा, दुपारी मागच्या दारी रिकामी कळशी ठेवत जा. अन् दार घट्ट लावून घे. भर दुपारी पाण्यावर साती आसरा येतात. पाण्यातल्या त्या बायकांच्या नजरेस ओल्या बाळंतिणीने पडू नये.”

दुपारी रावजी जेवून पडवीत लवंडले. सगळीकडे ऊन टळटळत होतं. पानसुद्धा हलत नव्हतं. रहाट करकरला. उमाने पाळण्याकडे धाव घेतली, पण लेक शांत होती.

“कोण आहे रे तिकडे?” रावजींचा आवाज, मग पायताणांची फटफट, मग काहीच नाही. थोड्या वेळाने उमाने दार किलकिलं केलं. कळशी काठोकाठ भरलेली होती.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. लेकीची पाठ निवळली. रावजींचा आवाज मात्र दिवसेंदिवस बारीक होत गेला. “कोण आहे रे”चं “कोण आहे”, मग “कोण आहात आपण?”

दोन आठवडे होत आले तेव्हा पाण्याला सुरंगीच्या फुलांचा वास येऊ लागला. काकूंनी वेणी माळली असेल, उमाला वाटलं. पाणीही इतकं गार की कळशी उचलताना बोटं बधिर व्हायची. एका दुपारी रावजी गडग्याकडे तोंड करून ओरडले, “दोर काढून माजघरात ठेवलाय! आता ओढा म्हणावं!”

त्या दुपारीही रहाट करकरला. लेक बंद दाराकडे बघत होती. बघता बघता ती बोळकं पसरून हसली. आयुष्यातलं पहिलं हसू ते, आणि ते आईसाठी नव्हतं. उमाने तिला छातीशी धरलं.

अक्षय्य तृतीयेला वकील आले. दत्तात्रेयालाही बोलावणं गेलं. लेकीला घेऊन उमा गडग्याच्या अलीकडे उभी राहिली. वकिलांनी वही उघडली.

“‘दुपारी रहाट वाजला. माणूस नाही. दगडावर पाणी.’ ‘रहाट वाजला. माणूस नाही.’ ‘दोर काढून माजघरात ठेवला. रहाट वाजला. माजघरात दोर ओला.’” वकिलांनी चष्मा काढला. “रावजी, पाणी निघत नाही याचा पुरावा मागितला होता मी. तुम्ही एकवीसच्या एकवीस दिवस निघाल्याचं लिहून ठेवलंत!”

“अहो, पण ओढणारा कुठे होता?” रावजी कुजबुजले. त्यांची दाढी आठ दिवसांची होती.

गोदाकाकू पुढे आल्या. “मी होत्ये. उमेच्या कळशीत, उमेसाठी ओढत होत्ये. तान्ह्या पोराचं पाणी तोडतात का कुणी?”

“मग त्यांच्या वहिवाटीत खंड पडलाच नाही,” वकील म्हणाले. “झाला हक्क.”

रावजी रागावतील म्हणून सगळे श्वास रोखून होते. ते तर हसतच सुटले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. “तू होतीस होय! घे रे दत्तू, विहीर घे! मला मेलं वाटलं...” आणि मध्येच थांबले. वही ओढून घेतली, बोटावर दिवस मोजले. “गोदे, तू देवरूखला लेकीकडे गेलीस तो कुठला वार?”

“गेल्या शुक्रवारी सकाळची गाडी नव्हती का धरली? आज पहाटे तर आल्ये. आठ दिवस उमेच्या पाण्याचं काय झालं असेल, हाच घोर लागलेला.”

“पण काकू,” उमा गडग्यावरून हळूच म्हणाली, “कळशी तर रोज भरलेली होती. पाण्याला तुमच्या वेणीतल्या सुरंगीचा वासही यायचा.”

काकूंचा हात नकळत अंबाड्याकडे गेला. तिथे फूल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उमा लेकीला घेऊन विहिरीची ओटी भरायला गेली. खण, नारळ, तांदूळ. काकूंनी पाण्याकडे तोंड करून शेजारी आणखी एक ओटी ठेवली. दत्तात्रेयाने खोबरेल तेलाची बुधली आणली होती. सगळं सुरू झालं ते या तेलामुळे, तेव्हा शेवटही आपणच करावा म्हणून तो रहाटाकडे वळला.

रावजींनी झटकन त्याचं मनगट धरलं.

“नको रे बाबा. वाजू दे. वाजतोय तोवर निदान कळतं तरी, कुणी पाणी ओढतंय म्हणून.”