मुळांतली बेकायदा भरती

बनशंकरीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मातीविना, पाइपांतल्या वाहत्या पाण्यात ब्राह्मी लावण्याचा प्रस्ताव समितीने एकमताने मंजूर केला. माती नसल्यामुळे चिखलाची तक्रार उद्भवणार नव्हती. अट एकच होती. एक नोव्हेंबरच्या कन्नड राज्योत्सवापर्यंत पाने हिरवी दिसली पाहिजेत, अन्यथा गच्ची मोबाइल टॉवरला देण्यात येईल. माझे पीएच.डी.चे सारे संशोधन त्या पाइपांतच रुजले होते. मला माणसांशी बोलणे जमत नाही. ब्राह्मीला ते चालते. संध्याकाळी त्या वाहत्या पाण्यापाशी बसलो, की या शहरात आपणही कधीतरी मूळ धरू, असे वाटे.

समितीतले बहुतेक जण सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. अध्यक्ष दामोदरकाका आस्थापना विभागातले, खजिनदार हयवदनअण्णा लेखापरीक्षणातले. पहिल्या पाहणीत मी भीत भीत सांगितले, की पाण्यात नत्र मिसळले आहे आणि मुळांवर उपकारक जिवाणू सोडले आहेत.

"किती आहेत?" दामोदरकाकांनी विचारले.

"कोट्यवधी."

"मंजूर पदे किती?"

मी वहीत 'पदे' असे लिहून घेतले.

"आणि ते वाढतात?"

"काही तासांत दुप्पट होतात, काका."

"म्हणजे आपसात भरती! जाहिरात नाही, मुलाखत नाही! आम्हाला एक शिपाई घ्यायचा तर दिल्लीपर्यंत फाइल जायची."

जिवाणूंना रोजंदारीवरील कर्मचारी ठरवण्यात आले. कायम होण्याचा हक्क त्यांना राहणार नाही, अशी सूचना पाइपावर चिकटवली गेली. ती कन्नडमध्येही होती. जिवाणू स्थानिक असण्याची शक्यता नाकारता येत नव्हती.

"स्वल्प थांब," हयवदनअण्णा म्हणाले. "नत्राचं काम हेच करतात ना? मग पाण्यात नत्र वेगळं कशाला? एका कामाला दोन भत्ते?"

"अण्णा, ते फक्त मदत करतात. सगळं नत्र तेच देऊ शकत नाहीत."

"मदतनीस आहेत, तर मुख्य कोण?"

"झाड."

"झाड लाभार्थी. लाभार्थी कधी काम करतो काय रे?"

नत्र बंद झाले. काही दिवसांत पाने पिवळी पडू लागली. आधी खालची, जुनी, मग त्यांच्यावरची. दामोदरकाकांना समाधान वाटले. "बघ, निवृत्ती अगदी ज्येष्ठतेनुसार होते आहे. याला म्हणतात शिस्त."

राज्योत्सवाच्या सकाळी समिती अंतिम पाहणीला आली. टॉवरवाले जिन्यात थांबले होते. गच्चीवर एकही हिरवे पान नव्हते. मी बोलायला तोंड उघडणार, तोच आरोग्यमंडळ चालवणाऱ्या कल्पनाकाकूंनी एक पान खुडून चावले आणि त्या दामोदरकाकांकडे वळल्या.

"अगबाई, पिवळी ब्राह्मी! भावजी, हिरवी काय, बाजारात कुठेही मिळते."

"सरी, ठीकच आहे, राज्योत्सवाला पिवळंच शोभतं," हयवदनअण्णा राज्याच्या लाल-पिवळ्या झेंड्याकडे बघत म्हणाले.

समितीने तिथेच शुद्धिपत्रक काढले: 'हिरवी' याऐवजी 'नैसर्गिक' असे वाचावे. टॉवरवाले परत गेले. गच्ची वाचली, माझे संशोधनही वाचले. फक्त ते आता नेमके कशाचे आहे, हे मला सांगता येईना.

"काकू, ही रोपं उपाशी आहेत हो," मी कसेबसे म्हणालो.

"अरे वेड्या, उपास म्हणजेच तर आरोग्य!"

वाळवलेली पाने 'हेमब्राह्मी, नत्रमुक्त' अशा नावाने पुड्यांत भरून थेट आयटीवाल्यांच्या एचएसआर लेआउटपर्यंत जाऊ लागली. मला राहवले नाही. कोपऱ्यातल्या एका रोपाला मी चोरून नत्र दिले. जिवाणूंनी इमानाने साथ केली आणि त्याला इतकी कोवळी, इतकी हिरवी पालवी फुटली, की मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. त्या पानांची एकच पुडी भरली आणि आशेने, हे वाचणाऱ्या तुम्हालाच पाठवली.

ती तुम्ही परत केलीत. रंग भेसळीचा वाटतो, म्हणालात. मग पिवळी मागवलीत, आणि तिने स्मरणशक्ती वाढल्याचे फोन करून आनंदाने कळवलेत. त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन करून तेच कळवलेत.