पिंजऱ्यातील बादशहाच्या दुखण्याची हकीकत

श्रोतेजनीं सावध असावें. एका घरीं, दिवाणखान्याचे खिडकीलगत, पोपटाहून लहान आणि मिजाशीने हत्तीहून थोर ऐसे लव्हबर्डांचे जोडपे राज्य करीत असतां जो कठीण प्रसंग गुदरला, तो पदरचे कांहीं न घालतां आणि कोणाची भीड न धरतां येथे लिहिला असे.

घराचे धनी एका कचेरीत तक्रार निवारण खात्याचे मुख्य. तक्रार आली म्हणजे ‘चौकशी चालू आहे’ ऐसे उत्तर द्यावे, आणि तक्रारदार थकून आपणच निवारला म्हणजे प्रकरण निकाली काढावे, ऐसा त्यांचा लौकिक. पाखरे खरेदी केली ते समयीं दुकानदाराने छाती ठोकून एक नर, एक मादी ऐसा निर्वाळा दिला. मग थोराड, तापट, तांबड्या तोंडाचे जे, त्यास ‘बादशहा’ हा किताब बहाल जाहला. आणि सडपातळ, गरीब स्वभावाचे जे, तीस ‘बेगम’.

पुढे बादशहांनी अजब वर्तन मांडिले. वर्तमानपत्राच्या लांब लांब चिंध्या फाडाव्या, त्या पाठीमागील पिसांत खोवाव्या, कोपऱ्यात नेऊन रचाव्या, आणि कोणी दाणा घालावयास गेले असतां बोट फोडावे. धन्यांनी हा शाही पोशाख आणि मर्दानी बाणा ठरविला. कन्या कॉलेजात शिकत होती, तिने अर्ज गुदरला की, “बाबा, असं माद्या करतात. घरटं करायचं असतं त्यांना.” त्यावर फर्मान सुटले की बादशहास मादी म्हणणे ही दरबाराची बेअदबी होय, आणि अर्ज दफ्तरी दाखल जाहला, म्हणजे कोणीं पाहिला नाही.

मग एके सकाळी बादशहा दांडीवरून उतरून पिंजऱ्याचे तळाशी पिसे फुगवून बसले. डोळे अर्धे मिटलेले, आणि दर श्वासासरशी शेपूट वरखाली. धन्यांनी चहाचा घोट घेत निवाडा दिला की हा नवराबायकोचा रुसवा, आपोआप मावळेल. आणि स्वारी कचेरीस कूच करती जाहली.

दुपारीं बाईसाहेबांचा फोन आला. “अहो, ताबडतोब घरी या. तो उठतच नाहीये हो.”

धन्यांचे तोंडून, जिभेस जन्माची सवय, शब्द निघाले की, “आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.”

पलीकडे फोन ऐसा आपटिला गेला की त्यापुढे तोफखाना फिका. धनी छत्रीही न घेतां निघाले.

घरीं येऊन त्यांनी पिंजऱ्यात हात घातला. ज्या चोचीने त्यांचे एकही बोट शाबूत ठेविले नव्हते, ती चोच मिटलेलीच राहिली. पाखरू तळहातावर निमूट बसले, कढत आणि हलके. शेजारचे काका, ज्यांनी जन्मात पाखरू पाळिले नव्हते, ते तेल चोळून पोट दाबावे ही मसलत घेऊन दारीं हजर जाहले. बाईसाहेबांनी त्यांस “काका, तुम्ही बसा हं,” ऐसा हुकूम फर्माविला आणि दार लोटून घेतले, मात्र काका बाहेर होते.

मग बुटांचे खोक्यात मऊ पंचा, पंचाखाली गरम पाण्याची पिशवी, आणि वरती बादशहा, ऐसी पालखी सजवून धनी, बाईसाहेब व कन्या तिघेही प्राण्यांचे डॉक्टरीणबाईंकडे दाखल जाहले. बाईंनी पाखरू उचलिले, पोटावर हलकेच बोट फिरविले आणि म्हणाल्या, “हा तुमचा बादशहा अंडं घालतोय. ते अडकलंय. अजून उशीर केला असतात तर हातची गेली असती. कागद फाडणं, चावणं वगैरे नव्हतं का चाललं?”

“चाललं होतं ना. बरेच दिवस,” बाईसाहेब उत्तरल्या.

“मग कोणाच्या लक्षात नाही आलं?”

कन्येने तोंड उघडिले, आणि पितृभक्तीस्तव पुन्हा मिटिले. धनी जमिनीकडे पाहून म्हणाले, “हिच्या लक्षात आलं होतं. मीच ऐकलं नाही.” ऐसे वाक्य त्या घराण्यात पूर्वीं कोणीं ऐकिल्याचा दाखला नाही.

मग कॅल्शियमचे इंजेक्शन टोचिले, ऊबदार दमट पेटीत रवानगी जाहली, आणि धनी एक शिंकणारे कुत्रे व एक रागीट मांजर यांचेमध्ये बाकावर बसून राहिले. कन्येने त्यांचे हातावर हात ठेविला. अखेर पडदा सरकवून डॉक्टरीणबाईंनी वर्दी दिली की अंडे बाहेर आले, बादशहा खुशाल आहेत. आणि बेगमेचा फोटो पाहून इतुकेंच जोडिले की तीही बहुधा मादीच. येणेंकरून दुकानदाराची ठोकलेली छाती व्यर्थ गेली.

मग तह जाहला. पुन्हा अंड्यांची हौस वाढूं नये म्हणून कागद हद्दपार करावा, चघळावयास समुद्रफेस, म्हणजे माकूळ माशाचे पांढरे हाड, टांगावा, आणि दिवस मावळतां दिवाणखान्यात काळोख व शांतता राखावी, ही बाईंची कलमे धन्यांनी मुकाट मान्य केली. मग सोफा ओस पडिला, टीव्ही स्वयंपाकघरात हलविला. येणेंप्रमाणे दुखणे मोडिले, फत्ते धन्यांची जाहली, मुलूख मात्र पाखरांकडे गेला. आणि विजयी वीर मोरीशेजारीं स्टुलावर बसून, आवाज बंद करून, बातम्या पाहत आहेत, ही नोंद खरी असे.