दीडशे ग्रॅम भात आणि आमचे हे

माझ्या हातून नवरा उपाशी राहिला. नऊ दिवस. तेही रोज दोन्ही वेळा वाढून. सांगताना अजून मान खाली जाते, पण सांगते.

आमच्या ह्यांची साखर वाढली. (हे घड्याळं दुरुस्त करतात, दिवसभर बैठं काम.) आहार सांगणाऱ्या बाईंनी फर्मावलं, "एका वेळेला शिजलेला भात दीडशे ग्रॅम."

"वाटीनं सांगा ना," मी म्हटलं.

"आजी, कोणी वाटी दाबून भरतं, कोणी सैल. वजनच करायचं."

"ही दाबूनच भरते!" हे लगेच म्हणाले. "मी काय करणार?"

परक्या बाईसमोर! घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

नातीनं वजनाचा काटा आणला. मला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून तिनं खुणा सांगितल्या: काठी, मग आकडी, मग भोपळा. हे तीन दिसले की थांबायचं. "आणि आधी रिकामी वाटी ठेवून हे बटण दाब." दुसऱ्या दिवशी दाबलं, तर आलेले आकडे पुसून नुसता भोपळा! मला वाटलं, बिघडवला. वाटी उचलून काटा बंद करून पुन्हा लावला आणि बटणाच्या वाटेला गेले नाही. नातीला विचारायचं तर 'सगळं समजलं' म्हणून बसले होते.

काठी-आकडी-भोपळा येईपर्यंत भात घालायचा. जेमतेम चार घास व्हायचे. म्हटलं, पथ्य असंच असणार.

हे वाटीत बघायचे, मग माझ्याकडे, आणि मुकाट जेवायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझ्या भावाची छत्री चोरीला नव्हती गेली. मी बसमध्ये विसरलो."

"बरं." (वीस वर्षं माझा शेजारणीवर संशय.)

पाचव्या दिवशी म्हणाले, "तू विणलेला स्वेटर हरवला नव्हता. टोचायचा. देऊन टाकला."

"कोणाला?"

"शेजारणीच्या नवऱ्याला."

(आणि मी त्या माणसाला बघून म्हणायची, काय सुबक वीण आहे!)

म्हातारपणी माणूस सुधारतोय म्हणून मी आपली खूश.

नवव्या दिवशी हे उघड्या घड्याळावरच कलंडले. गोळ्या चालू आणि पोटात काही नाही. साखरपाणी पाजलं तेव्हा डोळे उघडले. नात धावत आली. तिनं रिकामी वाटी काट्यावर ठेवली.

"आजी, वाटीच एकशे दहा ग्रॅमची आहे! म्हणजे आजोबांना भात फक्त चाळीस?"

"अहो, बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू रागावलीस. एकेक कबूल केलं, तरी भात वाढेना. म्हटलं, हिला ते मोठं कळलं."

"ते मोठं म्हणजे कोणतं?"

ह्यांनी रिकाम्या वाटीकडे बोट दाखवलं. मीही आधी वाढायला घेतलं. डोळे पुसत बटण दाबलं, भोपळा आणला, त्यावर पुरते दीडशे. मी समोर बसून ह्यांच्या प्रत्येक घासाला स्वतःला शिव्या देत होते. ह्यांनी शेवटचं शीतसुद्धा टिपून खाल्लं.

"आता सांगा ना, ते मोठं काय?"

"आता कशाला? पोट भरलं," म्हणाले आणि तिथंच आडवे झाले.

त्याला दोन महिने झाले. दोन्ही वेळा बिनचूक दीडशे वाढते, दोन्ही वेळा विचारते. भरल्या पोटी हा माणूस एक शब्द बोलत नाही.