अकरा नंबरला आधी

दुपारी ऐन जेवणाच्या वेळी बेल वाजते. दारात उमाळकर, हातात मोबाईल. "आपटे, तुमची पॅकेटं पडताहेत. घरात कोण काय बघतंय?"

ना नमस्कार, ना चमत्कार. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत हे गेली तीन वर्षं चाललं आहे आणि मला अजूनही संताप येतो. माझ्या घरात कोण काय बघतंय हे मी शेजाऱ्याला का सांगावं?

उमाळकर मूळचे अकोल्याचे. एका कंपनीचं नेटवर्क सांभाळून निवृत्त झाले. पुण्यात राहून इथला तिरकसपणा त्यांनी पुरेपूर उचलला, 'का'ला 'काऊन' म्हणणं मात्र सुटलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटीचं इंटरनेट ताब्यात घेतलं. सगळ्यांची मिळून एक लाइन, मजल्यामजल्यावर एकेक डबा आणि क्लबरूमच्या कपाटात एक कंप्युटर. कोणाचं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, कुठल्या वाटेने आणि कोणाच्या आधी पुढे जाणार, हे त्या कंप्युटरमधले नियम ठरवतात. "डब्यांना अक्कल नसते, अक्कल कपाटात," हे त्यांचं लाडकं वाक्य. एकदा भर सभेत त्यांनी ते अध्यक्षांकडे बघत म्हटलं.

पॅकेट पुढे गेलं नाही की त्यांच्या मोबाईलवर वॉर्निंग येते आणि हे चौकशीला निघतात. पहिल्या मजल्यावरच्या शेखबाईंना म्हणाले, "अशी कुठली रेसिपी, जी चारदा बघावी लागते?"

"तुम्हाला खाऊ घालणार नाही, घाबरू नका," शेखबाई म्हणाल्या. तरीही उमाळकर पाककृती पूर्ण ऐकूनच उठले.

हिशेब तपासणं हा माझा धंदा. गेल्या महिन्यात माझं संध्याकाळचं काम सारखं अडकायला लागलं, तेव्हा मी त्यांच्याकडे सगळ्या वॉर्निंगा मागितल्या. "घ्या. तुम्हाला काय कळणार त्यातलं?" असं म्हणून त्यांनी पाठवल्या. मी त्या वेळेप्रमाणे लावल्या. दिवसभर किरकोळ. साडेसात ते आठ मात्र सगळ्या मजल्यांवर नुसता पाऊस. आणि दिवसाच्या एकेका वॉर्निंगसाठी जिने झिजवणारे उमाळकर या अर्ध्या तासाबद्दल विचारायला कधीच कोणाच्या दारात आले नव्हते.

माझी मुलगी मृणाल नेटवर्कच्याच क्षेत्रातली. मी कमिटीवर असल्याने कपाटाची किल्ली आणि पासवर्ड माझ्याकडे असतात. ती बघून आली आणि म्हणाली, "बाबा, बिघाड काहीच नाही. नियमच तसा लिहिलाय. साडेसातला अकरा नंबरला आधी, उरलं तर बाकीच्यांना."

अकरा नंबर खुद्द उमाळकरांचा.

माझं डोकंच फिरलं. एका जादा कनेक्शनवरून सोसायटीतल्या कुलकर्ण्यांना तासभर समानता शिकवणारा हा माणूस! मुद्देमालासकट पकडायचं म्हणून त्याच संध्याकाळी पावणेआठला वर गेलो.

त्यांनी दार उघडलं आणि लगेच आत वळले. टेबलावर लॅपटॉप. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई, बोटं भराभर हलवणारी. उमाळकर समोर बसले आणि त्यांचेही हात चालू झाले.

"हा काय प्रकार आहे?"

"थोरली बहीण. अकोल्याला असते. जन्मापासून ऐकू येत नाही." नजर पडद्यावरच. "शाळेत कोणी घातली नाही. या खुणा आम्हीच लहानपणी केलेल्या. आईला येत होत्या, ती गेली. आता आम्ही दोघंच."

"म्हणून सगळ्या बिल्डिंगची पॅकेटं टाकायची?"

"तुमचा आवाज अडकला तर तुम्ही हॅलो हॅलो करता. तिचं चित्र अडकलं की वाक्यच गेलं."

"मग सभेत मागायचं होतं."

"काऊन? तुमच्या सभेत कुंडी हलवायला तीन महिने लागतात."

हे खोटं नव्हतं, म्हणून जास्तच राग आला. तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. उमाळकरांनी ओठ आवळले, भुवया चढवल्या आणि हवेत बोटं मोजली. बाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"काय सांगितलंत?"

"तुमचं नाव."

"माझंही आहे?"

"सगळ्यांचं आहे. शेखबाईंचं हे." त्यांनी हवेत झारा उलटला. "रोज तिला सांगायचं तरी काय? माझ्या एकट्याच्या घरात काय घडतं?"

मी पडद्यावरच्या बाईंकडे बघत राहिलो. त्याचा त्यांनी भलताच अर्थ घेतला. "तुमचं बरोबर आहे, आपटे. चोरी ती चोरी," म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी लॅपटॉपवरूनच तो नियम काढून टाकला.

मिनिटभरात चित्र थिजलं. बाई काहीतरी सांगत होत्या, त्यांचा हात कपाळापाशीच अडकला. उमाळकरांनी आपलाही उजवा हात तसाच कपाळापाशी नेऊन धरला.

"चालू झालं की तिला दिसतं, माझ्यापर्यंत कुठवर पोचलं ते. मग ती तिथून पुढे सांगते."

चित्र काही हलेना. त्यांनी हात काही खाली घेतला नाही.

"तो नियम परत लावा," मी चिडून म्हणालो.

"सभेची मंजुरी?"

"सभेचं मी बघतो. आधी लावा."

कपाळावरचा हात न हलवता ते डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत टाइप करू लागले.