प्लीजशिवाय हलायचं नाही

"स्टॅच्यू!" अमरनाथ सर ओरडले आणि चौथीचा वर्ग जागच्या जागी थिजला. सत्यमचा एक पाय हवेत राहिला, पुनमचा हात आरतीच्या वेणीत अडकला, आणि शिंकायच्या बेतात असलेला धम्मानंद तसाच तोंड वासून थांबला.

हा खेळ सरांनी इंग्रजीसाठी काढला होता. हुकूम इंग्रजीत असला पाहिजे आणि त्यात 'प्लीज' असलंच पाहिजे. प्लीजशिवाय जो हलेल तो बाद. इंग्रजीबरोबर पोरांना थोडे शिष्टाचारही यावेत, असा सरांचा उदात्त हेतू. टिकेल त्याला बक्षीस म्हणजे सरांच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसून इस्लापूरपर्यंत फेरी, आणि वाटभर हॉर्न वाजवायचा हक्क. शिष्टाचाराचं पोरांना काही पडलं नव्हतं. त्या हॉर्नपायी मात्र ती श्वाससुद्धा बेतानं घेत.

आज केंद्रप्रमुख किशनराव या खेळाचा व्हिडिओ काढायला येणार होते. वरच्या साहेबांनी तो पसंत केला, तर सरांना पंधरा दिवस लातूरला प्रशिक्षणाला जायला मिळणार होतं. लातूरला माहेरी सरांची बायको अंबिका होती आणि तिच्या मांडीवर बाळ होतं. जन्मल्यावर सर ते धावतपळत पाहून आले, त्यानंतर फक्त मोबाइलवर. रजा मागितली की किशनराव म्हणायचे, "बाळ काय पळून जाऊन राहिलं का?"

पोरांना तसंच थिजलेलं ठेवून, किशनराव निघाले का, हे विचारायला सर शाळेमागच्या खडकावर चढले. गावात रेंज फक्त तिथंच. फोन लावणार तोच अंबिकेचा व्हिडिओ कॉल आला. बाळ आज पहिल्यांदा पालथं पडलं होतं. आता पालथं पडलेलं बाळ सोडून केंद्रप्रमुखांना फोन लावणारा बाप जगात असेल तर असो, अमरनाथ सर तसले नव्हते.

"सरऽऽ! खाली या वो!" खिचडी शिजवणाऱ्या गुणाबाईंची हाक आली. "लेकरायला बाहेरचं लागलंय!"

सर धडपडत उतरले, तर वर्गाच्या दाराशी अर्धं गाव जमलेलं. आणि वर्गात साक्षात किशनराव! साहेब स्टेशनाकडच्या वाटेनं कधीच येऊन पोचले होते. मोबाइल खडूच्या डब्याला टेकवून व्हिडिओ सुरू केला होता आणि घामानं निथळत, जमेल तेवढी इंग्रजी ओतत होते.

"गुड मॉर्निंग! सिट डाऊन! मूव्ह! आय से मूव्ह!"

कुणी पापणी लववली नाही. गुणाबाईंनी नातवाच्या, म्हणजे सत्यमच्या नाकाखाली गरम खिचडीचं ताट धरलं. "ए मुडद्या, खा की रे!" सत्यमच्या तोंडातून लाळेची धार लागली, पण पाय हवेतच.

"हटा, मी बघतो," म्हणत शाळा समितीचे अध्यक्ष शेषेराव पुढे झाले. शेषेरावांचा टेम्पो होता आणि त्यांची सगळी इंग्रजी त्याच टेम्पोच्या मागच्या फळीवर रंगवलेली होती. त्यांनी छाती फुगवून ती ऐकवली, "हॉर्न ओके प्लीज!"

"पोंऽऽ पोंऽऽ!" अख्ख्या वर्गानं एका सुरात हॉर्न दिला आणि पुन्हा पुतळा झाला. किशनराव दचकून फळ्यावर आदळले. गुणाबाईंनी पोरांची दृष्ट काढायला मीठमोहऱ्या आणायला माणूस धाडला.

सर गर्दीतून कसेबसे आत घुसले. "साहेब, काही झालं नाही. खेळ आहे. नुसतं प्लीज म्हणावं लागतं. थांबा, मी सोडवतो."

"थांबा!" किशनराव गुरकावले. "एवढ्या लोकांसमोर माझा हुकूम न्हाई चालला अन् तुमचा चालला, तर माझी काय इज्जत राहिली? आधी माझा चालला पायजे."

"मग तुम्हीच म्हणा, साहेब."

"मी? प्लीज? चौथीच्या पोरायला?" साहेबांनी साऱ्या नोकरीत हा शब्द फक्त वरच्या दिशेनं वापरला होता.

"म्हना की," गुणाबाई वैतागल्या. "जीभ झिजती का? खिचडीचा गोळा होऊन राहिला माझ्या."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले.

"ऐकू न्हाई आलं वो!" दारातून आवाज आला.

"प्लीज मूव्ह!" किशनराव किंचाळले.

धम्मानंदची अडकलेली शिंक साहेबांच्या शर्टावर सुटली आणि अख्खा वर्ग खिचडीकडे धावला. मध्ये किशनराव होते, टेबल होतं, मोबाइल होता. यातलं काहीच उभं राहिलं नाही.

व्हिडिओ बिघडला, लातूर गेलं, हे सरांनी मनाशी धरलं. त्यांना फार वाईट वाटलं. तो व्हिडिओ त्याच दिवशी पाठवायचा होता, म्हणून किशनरावांनी धावपळीआधीचा हाती लागला तेवढा तुकडा पाठवला.

आठवड्यानं सर खडकावर अंबिकेला फोन लावत होते, तेवढ्यात किशनरावांचाच फोन आला. आवाज पडलेला होता.

"अमरनाथ सर, व्हिडिओ पास झाला. 'एवढं एकाग्र होऊन ऐकणारी लेकरं आम्ही बघितली न्हाईत,' म्हणले. पण व्हिडिओत तुमी कुठं हाव? मीच हाय सगळीकडं. आता लातूरला पंधरा दिवस मास्तरायला इंग्रजी मी शिकवायची म्हणे."

"अभिनंदन, साहेब," सर कोरड्या तोंडानं म्हणाले.

"कशाचं अभिनंदन! माझी इंग्रजी त्या दिवशी सगळी संपली. तुमी चला संगं. मी नुसता खुर्चीवर बसतो. ड्युटीचा आदेश आजच काढतो. येता न्हवं?"

सरांच्या डोळ्यांपुढे पालथं पडलेलं बाळ आलं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण का कोण जाणे, सर एक पाय दगडावर ठेवून, फोन कानाला लावून तसेच उभे राहिले.

"हॅलो? ऐकू येऊन राहिलं का? चला म्हणलं की! अवो, बोला की काही!"

खडकावर वारा सुटला होता. सरांच्या शर्टाचं टोक फडफडत होतं, तेवढंच काय ते हलत होतं.

मग साहेबांनी घसा खाकरला.

"...प्लीज."

"आलो साहेब!" म्हणत अमरनाथ सर उड्या मारतच खडक उतरले.