सटवाजींचा पितळी पंप

सटवाजी भाकरी उभ्यानं खायचे. मानवतच्या आमच्या जिनिंगमध्ये सगळे कापसाच्या गंजीला टेकून शिदोऱ्या सोडत, आणि हे गृहस्थ इंजिनघराच्या दारात तळहातावर भाकरी घेऊन उभे. विचारलं तर एकच उत्तर : "जहर खाली बसतं, बाबू. मानसानं उबं ऱ्हावं."

जहर म्हणजे भिंतीवरच्या पितळी पंपातलं आग विझवायचं औषध; त्याची वाफ हवेहून जड, जमिनीलगत साचते. कागदोपत्री त्याचं नाव कार्बन टेट्राक्लोराइड. सटवाजी नुसतं 'दवा' म्हणत. निजामी गेली, साहेब बदलले, पंप मात्र तोच राहिला आणि त्याचे राखणदार सटवाजीच. पूर्वी मेंढरं राखायचे, आता पंप राखतात, असं आम्ही हसून म्हणायचो. रोज सकाळी ते तो खाली काढायचे, कानाशी हलवायचे, आत डुचमळलं की "हाय" म्हणून परत खिळ्याला लावायचे. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू. प्रत्येक नव्या गड्याला ते ऐकवत, "तापल्या लोखंडावर पडली की हीच दवा छाती जाळती. मारायची, दम धरायचा, दारं उघडायची." कोणाच्याही घरी गेले तरी आधी खिडकी उघडत. मी कारकून, त्यांची नक्कल मी फार झकास करायचो.

ही दवा तेलाचे डाग छान काढते, हे मला कुणीतरी सांगितलं. ताडकळसला मुलगी बघायला जायचं होतं आणि माझ्या एकुलत्या एका कोटावर इंजिनाचं तेल उडालेलं. सटवाजी विहिरीवर गेले तेवढ्यात मी पंप रिकामा केला आणि डुचमळायला हवं म्हणून त्यात पाणी भरलं. कोट नवा झाला. मलाच माझं कौतुक वाटलं.

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, इंजिनाखाली सांडलेल्या तेलानं पेट घेतला. सटवाजींनी पंप काढला, दम धरला आणि मारला. जळत्या तेलावर पाणी! भडका थेट त्यांच्या हातांवर आला. शेवटी गड्यांनी वाळू टाकून आग विझवली.

"पंपात पाणी कोणी भरलं?" मालक ओरडले.

सटवाजींनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या अंगातल्या कोटाकडे. म्हणाले, "चूक झाली मालक. माझ्याच हातनं झालं असंल."

मी तिथंच होतो. तोंड उघडलं नाही. आज हे लिहितानासुद्धा मला स्वतःची लाज वाटते.

पंप त्यांच्याकडून काढून घेतला आणि त्यांना फाटकावर बसवलं. संध्याकाळी मी खालमानेनं बाहेर पडत होतो, तर पट्ट्या बांधलेला हात वर करून त्यांनी हाक मारली.

"बाबू, ह्यो कोट खोलीत टांगून झोपायलात का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"वास ऱ्हायलाय त्याला. वाऱ्यावर टाका. अन् खिडकी उघडी ठिवा, एकलेच असता तुमी."

हे ते स्टुलावर बसून सांगत होते.