एका गड्याचे बारा फोटो

सन १९९६ च्या श्रावणात डोंबिवली पूर्वेला, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, चित्र-विलगीकरणाचं काम रीतसर सुरू झालं. काम साधं होतं. परदेशातून व्हिडिओ गेमच्या शीट यायच्या. जागा वाचावी म्हणून एकेका शीटवर सगळी चित्रं दाटीवाटीने कोंबलेली असत: धावणारा गडी, उडणारी घार, गरगरणारं चाक. त्यातलं एकेक चित्र कॉम्प्युटरवर कडेकडेने कापून वेगळं साठवायचं, बस.

आंबिवलीची शकू हे काम तांदळातले खडे वेचावेत तशा नजरेने करी. गड्याची धावतानाची बारा चित्रं होती. गुडघा इथे केसभर वर, तिथे केसभर खाली. बाराही पाठोपाठ दाखवली की गडी असा पळत सुटे, की बघता बघता शकूचाच ऊर धपापे. तिची सहा महिन्यांची उमेदवारी शनिवारी संपत होती. कायम होण्याच्या पत्रावर एकच सही हवी होती, तपासणी अधिकाऱ्यांची.

तपासणी अधिकारी म्हणजे भोईरसाहेब. रेशनिंग ऑफिसात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. मालक चंदूशेठ यांच्या मते त्यामुळेच ते निष्पक्ष होते.

साहेबांनी चित्रं कागदावर छापून मागवली. चष्मा पुसला.

"हे बारा जण कोण?"

"एकच आहे साहेब. पळतोय."

"एक माणूस आणि बारा फोटो? अगं, शहाडला एकाने तीन कार्डं काढलेली, तर घरात घुसून पकडलेला मी त्याला. हा तर त्याचा बाप निघाला!"

"गुडघा बघा ना साहेब, प्रत्येकात वेगळाय."

"गुडघ्यावरून ओळख पटत नाही. चेहरा बघतात."

अकरा चित्रांवर 'बोगस' असा शेरा पडला. मग साहेबांना गोडी लागली. घारीची सहा चित्रं, पैकी पाच रद्द. एक सुटा हात: धारक गैरहजर, सबब नामंजूर. शेवटी गडी मरून पडलेलं चित्र निघालं.

"मयत इसमाचं नाव ठेवत नाहीत," साहेब हळहळले. "कमी करा."

शेजारच्या टेबलावरची मंजुळा कुजबुजली, "ए बाई, गप ऐक त्यांचं. तुझ्या मामाचा गडी आहे का तो?"

शकूने ऐकलं. फक्त बाराही चित्रं एका फ्लॉपीत भरून पर्समध्ये टाकली.

रद्द चित्रं कॉम्प्युटरवरून पुसली गेली, मंजूर तेवढीच परदेशी गेली. शुक्रवारी तिकडून फॅक्स आला. गडी धावत नाही, एक पाय वर धरून सरकत जातो. डोक्यात दगड पडला तरी मरत नाही. सोमवारपर्यंत सुधारा, नाहीतर काम काढून घेऊ.

चंदूशेठनी तातडीने चौकशी समिती नेमली. निःपक्षपातीपणाच्या दृष्टीने अध्यक्ष भोईरसाहेबच. समितीने विचारलं, गडी जिवंत आहे? आहे. एकच आहे? एकच. मग तक्रार कसली? फॅक्स दप्तरी दाखल झाला.

शनिवारी साहेबांनी शकूचं पत्र पुढ्यात ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि सहज विचारलं, "रद्द केलेला माल कोणी जवळ ठेवलेला नाही ना?"

फ्लॉपी मांडीवरच्या पर्समध्ये होती. हात घातला असता तर गडी सोमवारी धावला असता.

"नाही साहेब," शकू म्हणाली.

सही झाली. शकू कायम झाली. सोमवारी काम गेलं. तपासणी विभाग मात्र चालू राहिला.

तुम्हाला शकूचा राग आला असेल, तर तो योग्यच आहे. परवा तुमच्या टेबलाशी एक म्हातारी आली होती. तिचा कागद बरोबर आहे हे तुम्हाला दिसत होतं. मागे साहेब उभे होते, म्हणून तुम्ही म्हणालात, "उद्या या."

ती अजून खाली जिन्यात बसली आहे. उद्यापर्यंत थांबते म्हणाली.